टाकळी मिशनच्या पाणपोईचे उद्घाटन

मंगळवार, दिनांक २ जुलै २०२४ रोजी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मार्तंडराव वैराळकर टाकळी मिशनच्या शाळेच्या फाटकातून आत शिरले, तेव्हा शाळेच्या पटावर अठ्ठावन्न मुले होती आणि पिण्याच्या पाण्याचा माठ एकही नव्हता.

माठ उन्हाळ्याच्या सुटीत फुटला होता. तो कोणी फोडला याविषयी गावात दोन मते होती. एक मत मांजराचे नाव घेत होते आणि दुसरे वच्छलाबाईंचे. वच्छलाबाई म्हणजे शाळेच्या मावशी. त्या स्वतः अर्थातच मांजराच्या मताच्या होत्या. मुख्याध्यापिका सिस्टर बेनेडिक्टा मूळच्या वसईच्या. बावीस वर्षे वऱ्हाडात काढूनही त्यांनी आपला मऊ आवाज टिकवून ठेवला होता. त्या मऊ आवाजात त्या म्हणाल्या, "काका, देऊळगाव राजाला तुमची फेरी असतेच. येताना एक तोटीचा माठ आणाल का? वच्छलाबाईंना पाठवलं तर त्या बसस्टँडवरच फोडतील."

काम एवढेच होते. एखाद्या सर्वसामान्य माणसाने माठ घेतला असता, एसटीत मांडीवर ठेवला असता आणि संध्याकाळच्या आत विषय मिटवला असता. परंतु मार्तंडराव हे सर्वसामान्य नव्हते. त्यांनी तंत्रनिकेतनातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका प्रथम श्रेणीत मिळवली होती आणि उभी हयात पाणीपुरवठ्याच्या कामांवर शाखा अभियंता म्हणून घालवली होती. अशा माणसाला 'माठ' हा शब्द ऐकूच येत नाही. त्याला 'मागणी' ऐकू येते. त्यांनी खिशातून पेन काढले आणि विचारले, "दरडोई किती पाणी धरायचं? मधल्या सुटीत एका वेळी किती मुलं येतात? सगळ्यात लहान मुलाची उंची किती?"

 सिस्टरांनी विचारले, "माठाला उंची कशाला लागते?"

"माठ नको," मार्तंडराव म्हणाले. "आपण पाणपोई बांधू. पक्की. शारदेच्या नावाने."

यावर सिस्टर काही बोलल्या नाहीत, कारण शारदाबाईंच्या नावापुढे त्या शाळेत कोणीच काही बोलत नसे. शारदाबाई म्हणजे मार्तंडरावांच्या पत्नी. तेहतीस वर्षे त्यांनी या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळला. गावातल्या निम्म्या लोकांना अक्षरओळख त्यांनी करून दिली आणि उरलेल्यांच्या लेकरांना. त्या २०२० च्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या. म्हणजे शाळा बंद, गाव बंद, देश बंद. निरोपसमारंभ नाही, शाल नाही, नारळ नाही, दोन शब्द बोला म्हणणारे कोणी नाही. त्यांनी फाटकाच्या गजांमधून कपाटाच्या किल्ल्या आत दिल्या, सिस्टरांनी त्या किल्ल्यांवर सॅनिटायझर फवारले आणि तेहतीस वर्षांची नोकरी संपली. घरी आल्यावर मार्तंडराव म्हणाले होते, "हे सगळं मिटलं की मोठा कार्यक्रम करू. माइक, हार, सगळं." शारदाबाई म्हणाल्या होत्या, "करू." कार्यक्रम आज करू, उद्या करू म्हणता म्हणता मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

तेव्हा मार्तंडरावांच्या मनात जे होते ते पाण्यापेक्षा मोठे होते. पाणपोईच्या निमित्ताने त्या अंगणात एकदा तरी मंडप उभा राहावा, माइकवरून शारदाबाईंचे नाव घेतले जावे, लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवाव्यात आणि त्यानंतर मुलांनी ते पाणी प्यावे. हा क्रम त्यांच्या मनात पक्का होता. आधी मान, मग पाणी.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक काळा फलक होता. त्यावर सिस्टर दर महिन्याला स्वतःच्या वळणदार अक्षरात 'आगामी कार्यक्रम' लिहीत. मार्तंडरावांनी त्या दिवशी फलकावरची तारीख पाहिली आणि जाहीर केले, "पंधरा ऑगस्टला उद्घाटन."

शेजारी उकंडराव यांना ही योजना त्याच संध्याकाळी ओट्यावर कळली. उकंडराव मूळचे वरवट बकालचे. शेती मुलाच्या हवाली करून ते लेकीकडे टाकळीला राहायला आले होते आणि करण्यासारखे काही नसल्याने सल्ला देत.

"मले एक सांगा इंजिनेरसाहेब," ते म्हणाले, "सिस्टरीनं मांगतला माठ, अन् तुम्ही बांधून राह्यले धरन. काऊन?"

"धरण नाही. एक हजार लिटरची टाकी, सहा तोट्या, गाळणी, उताराचा ओटा आणि शोषखड्डा."

"अन् पोट्टे घरून बाटल्या आनतेत, ते?"

"बाटलीतलं पाणी दुपारपर्यंत कोमट होतं."

"मंग माठच थंडा राह्यते ना! दोन रांजन ठेवा, लाल फडकं गुंडाळा, झाली पानपोई. माह्या बापानं वरवट बकालच्या फाट्यावर अशीच लावली होती. कोनतंच डिराइंग नव्हतं."

मार्तंडरावांनी या माणसाशी तांत्रिक चर्चा न करण्याचे ठरवले. हा निश्चय ते महिन्यातून चार वेळा करीत.

आराखडा तयार झाल्यावर पहिला अडथळा आला तो परवानगीचा. शाळेची जागा धर्मप्रांताची, म्हणून तिकडे अर्ज. ओट्याचा एक कोपरा रस्त्याच्या बाजूला दीड वीत बाहेर येत होता, म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज. दोन्हीकडून उत्तर आले की, दुसऱ्याची हरकत नसल्यास आमची हरकत नाही. मात्र दुसऱ्याचे तसे पत्र आधी आणावे. मार्तंडरावांनी नोकरीत अशी पत्रे स्वतः शेकड्यांनी लिहिली होती. त्यांच्या वाचकांना काय वाटत असेल, हा विचार त्यांच्या मनात प्रथमच आला. अखेर त्यांनी तो दीड वितीचा कोपराच आराखड्यातून कापून टाकला आणि दोन्ही कार्यालये एकदमच समाधान पावली.

दुसरा प्रश्न पाणपोईच्या माथ्यावर काय असावे हा होता. पालकसभेत कोणी क्रूस सुचवला, कोणी शेगावच्या महाराजांची तसबीर, कोणी सरस्वती. उकंडराव पालक नव्हते, तरी सभेला होते. त्यांनी बैल सुचवला, कारण पाणी सर्वांत जास्त तोच पितो. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "बाई वर्गात फळ्याच्या वर काहीच लावू देत नसत. मुलांचं लक्ष जातं म्हणायच्या." त्यावर माथा कोराच राहिला.

स्लॅब जुलैच्या शेवटी पडला. गावातला प्लंबर गजेंद्र आठ दिवसांत तोट्या बसवायला तयार होता. पण मार्तंडरावांनी त्याला थांबवले. सिमेंटला पूर्ण मुदतीचे पाणी पाजल्याशिवाय त्यावर भार देणे त्यांच्या शास्त्रात बसत नव्हते. रोज सकाळ-संध्याकाळ ते स्वतः बादली घेऊन स्लॅबवर पाणी मारीत. उकंडराव ओट्यावरून ओरडत, "लेकरायले पाजायच्या आधी शिमिटालेच पाजून राह्यले तुम्ही!"

पंधरा ऑगस्ट आला. त्या शाळेत तो दिवस दुहेरी असतो: स्वातंत्र्यदिन आणि मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण एकदमच. झेंडावंदन झाले, प्रार्थना झाली, जिलेबी वाटली गेली. पाणपोई गोणपाटाखाली ओली उभी होती. सिस्टरांनी फलकावरून उद्घाटनाची ओळ पुसली आणि खाली नव्याने लिहिली : मंगळवार, १० सप्टेंबर, आजी-आजोबा दिन.

आता काम पूर्ण झाले होते. टाकी भरली. सहा तोट्यांवर मार्तंडरावांनी लाल कापड बांधले, तेही दुहेरी गाठ मारून, कारण उद्घाटनापूर्वी कोणी हात लावता कामा नये. प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्याचे एक मोठे पुढारी ठरले. ते लहानपणी या शाळेत दोन महिने होते असे म्हणत. देऊळगाव राजाच्या कारागिराकडून संगमरवरी पाटी करून आणली. पाटी पाहून मार्तंडरावांचा चेहरा उतरला. पुढाऱ्यांचे नाव चार बोटे उंच होते आणि 'कै. सौ. शारदा वैराळकर यांच्या स्मरणार्थ' ही ओळ सर्वांत खाली, करंगळीएवढी.

"काका, पाहुण्याचं नाव मोठंच असते," कारागीर म्हणाला. "जे गेले, ते काही पाटी वाचायला येत नाहीत."

बसमध्ये तेवढी जड पाटी मांडीवर घेऊन मार्तंडराव टाकळीला परतले. वाटेत एकाने ती कोणाची म्हणून विचारले. ते म्हणाले, "बायकोची." तो माणूस बराच वेळ पाटीवर तिचे नाव शोधत होता.

दहा सप्टेंबरच्या दिवशी एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली, जी शाळेतल्या कोणाच्याच, मार्तंडरावांच्यासुद्धा, आधी लक्षात आली नव्हती. त्याच दिवशी घरोघरी महालक्ष्म्या बसायच्या होत्या. मुखवटे, साड्या, फुलोरा, सगळे आज्यांच्या अंगावर. परिणामी आजी-आजोबा दिनाला एकही आजी आली नाही. सतरा आजोबा आले, तेही घरात अडचण नको म्हणून सुनांनी पिटाळलेले. मुलांनी त्यांचे पाय धुवायचे होते. तांब्या, परात, रुमाल, सगळे मांडले होते. पाणी मात्र वच्छलाबाई बोअरवरून बादल्यांनी वाहून आणत होत्या आणि प्रत्येक बादलीला पाणपोईसमोर थांबून कमरेवर हात ठेवत होत्या.

मार्तंडरावांचा नातू सौमित्र पुण्याला. त्यामुळे ते मागे उभे होते. पहिलीतली काजल हिला आजी-आजोबा नव्हते. ती तांब्या घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बसा ना." ते बसले. तिने एका पायावर पाणी ओतले आणि लाल कापडांकडे पाहत विचारले, "आजोबा, त्याच्यात पानी हाये?"

"आहे."

"मंग बांधून काऊन ठेवलं?"

"पाहुणे आले की उघडायचं."

"पाहुन्यायले तहान लागली का?"

मार्तंडराव म्हणाले, "दुसरा पाय राहिला."

पाहुणे आले नाहीत. दुपारी दोन वाजता त्यांच्या माणसाचा फोन आला की साहेब गणपतीच्या आरत्यांमध्ये अडकले आहेत. सतरा आजोबा स्वच्छ पायांनी घरी गेले. सिस्टरांनी मार्तंडरावांना व्हरांड्यात गाठले.

"काका, कार्यक्रम नंतर करू. तोट्या आजच सोडून देऊ या ना. मुलं रोज बघत राहतात."

"उद्घाटन न करता वापर सुरू केला, तर मग उद्घाटन कशाचं करायचं?" मार्तंडराव म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चढला. "तिला एकदा असंच पाठवलं होतं, सिस्टर. फाटकातून किल्ल्या घेऊन. पुन्हा तसं नको."

 ते बोलणे सिस्टरांना लागले, हे मार्तंडरावांना दिसले. पण परत कसे घ्यायचे हे त्यांना तंत्रनिकेतनात शिकवलेले नव्हते.

पुढची तारीख वीस ऑक्टोबर ठरली. मधल्या काळात एका तोटीला गळती लागली. ती काढायला गजेंद्र हवा होता, आणि गजेंद्र देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेत मंडपाच्या लाटा, म्हणजे उंच लाकडी खांब, उभ्या करायला गेला होता. "वर्षातून एकदा देवाचं काम राह्यते, काका," तो फोनवर म्हणाला. "तुमची तोटी काय, दिवसातून दहा खेपा गळतेच." तो परतला त्या दिवशी, पंधरा ऑक्टोबरला, विधानसभेची आचारसंहिता लागली.

दोन दिवसांनी निवडणुकीच्या कामावरची तीन माणसे जीप घेऊन आली. त्यांच्याजवळ वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि खळीची बादली होती. पुढारी उमेदवार होते, त्यांचे नाव पाटीवर होते, म्हणून पाटी झाकायची. मार्तंडराव धावत गेले.

"वरची ओळ झाका," ते म्हणाले. "खालची नको."

"काका, वरून ऑर्डर पूर्ण पाटीची आहे," त्यातला तरुण म्हणाला. त्याच्या अंगावर दिवसभराची धूळ होती.

"अहो, खालचं नाव माझ्या पत्नीचं आहे. ती निवडणुकीला उभी नाही. ती..." मार्तंडराव थांबले. "ती कुठेच उभी नाही."

त्या तरुणाने हातातला ब्रश खाली केला. मग हळूच म्हणाला, "काका, मला फक्त झाकायचं सांगितलं आहे." आणि त्याने वर्तमानपत्राचे एक अख्खे पान पाटीवर डकवले. त्यावर एका पंपसेटची जाहिरात होती. सहा आठवडे शारदाबाईंच्या नावावर पंपसेट राहिला. उकंडराव त्या काळात पाणपोईसमोरून जाताना एकदाही थट्टा करीत नव्हते. यावरून मार्तंडरावांना परिस्थिती किती गंभीर आहे ते कळले.

पुढारी पडले. पडलेल्या माणसाच्या हस्ते उद्घाटन करावे की नाही, यावर गावात पुन्हा दोन मते झाली. आपल्याला कोणाचे तोंड पाहायचे नाही असा स्वतः पुढाऱ्यांचाच निरोप आल्याने तो प्रश्न सुटला. मार्तंडरावांनी कागद भिजवून, नखाने खरवडून पाटी साफ केली. नंतर ती देऊळगाव राजाला नेऊन उलट्या बाजूने नव्याने कोरून आणली. या वेळी शारदाबाईंचे नाव चार बोटे उंच होते. उद्घाटकाची जागा रिकामी ठेवली होती.

ती भरायला कोणी मिळेना. निवडून आलेल्यांच्या माणसाने नाताळची तारीख दिली. नाताळच्या कार्यक्रमाला गव्हाणीचा देखावा झाला, काजल कागदी पंख लावून देवदूत झाली, उकंडरावांनी देखाव्यासाठी खरोखरचा गोऱ्हा आणून दिला आणि त्याने सगळे गवत खाऊन टाकले. निवडून आलेल्यांची गाडी गावात आलीही. पण ती हमरस्त्यावरच्या नव्या इंग्रजी शाळेच्या संमेलनाला गेली. त्या शाळेच्या पिवळ्या बसगाड्या होत्या. दिवाळीनंतर टाकळी मिशनच्या पटावरची नऊ मुले त्या गाड्यांत बसू लागली होती.

"सव्वीस जानेवारी," मार्तंडराव म्हणाले आणि त्यांनी आमंत्रणपत्रिका छापून आणल्या. सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा सोहम याने पुण्याहून फोन केला. "बाबा, तुम्हीच करा ना उद्घाटन. कोणीतरी मोठं कशाला पाहिजे?"

"माझ्या बायकोच्या नावाचं उद्घाटन मीच करायचं? लोक काय म्हणतील? आणून आणून कोणाला आणलं, तर नवऱ्याला!"

सव्वीस जानेवारीला जिल्हा परिषदेतले एक अधिकारी यायचे होते. त्यांच्या गावी कोणीतरी वारले आणि त्यांनी तसे कळवले. या वेळी मार्तंडरावांना राग आला नाही. रागावता येईल असे कारण निदान मिळावे, एवढी अपेक्षासुद्धा पुरी न होणे हा त्यांना विशेष अपमान वाटला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते नवी तारीख घेऊन शाळेत गेले. १९ मार्च, संत योसेफचा सण. संत योसेफ हा सुतार, म्हणजे जवळजवळ स्वतःच्याच व्यवसायातला, असे त्यांना वाटत असे. पण दर्शनी भिंतीवर फलक कोरा होता. 'आगामी कार्यक्रम' एवढेच लिहिलेले होते आणि त्याखाली काही नव्हते.

सिस्टर कार्यालयात एकट्याच बसल्या होत्या. मार्तंडरावांनी एकोणीस मार्चची योजना सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"काका, बसा."

"उभा बरा आहे."

"आमच्या मुख्य मठातून कळवलंय. जूनपासून ही शाळा नाही. पट फार खाली आला. आम्हा दोघी सिस्टरांना, मला आणि लिऑनीला, दुसरीकडे पाठवतील. तीस एप्रिलला निकाल आणि शेवटचा दिवस."

बाहेर वच्छलाबाई व्हरांडा झाडत होत्या.

"केव्हा कळलं?"

"जानेवारीत."

"मग मला सांगितलं काऊन नाही?" एरवी तोलूनमापून बोलणाऱ्या मार्तंडरावांच्या तोंडून आईच्या घरचा शब्द निसटला.

"तुम्ही पत्रिका छापून आणल्या होत्या," सिस्टर म्हणाल्या. "इतक्या छान होत्या." मग त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उगाचच थोडा सरकवला. "काका, एक बोलू? रागावू नका. मी बाईंबरोबर इतकी वर्षं काढली. बाई असत्या ना, तर जुलैतच माठ आणला असता."

यावर मार्तंडरावांना उत्तर द्यायचे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. ते घरी गेले आणि आठ दिवस बाहेर पडले नाहीत. उकंडराव रोज ओट्यावर येऊन बसत. हाक मारीत नसत, नुसते खाकरत.

नवव्या दिवशी मार्तंडराव उठले आणि म्हणाले, "उद्याच तोट्या सोडतो. पाहुणा नको, मंडप नको."

"हाव, बरं केलं," उकंडराव म्हणाले. "चला, आत्ताच सोडू."

येथे मार्तंडराव आपल्या शिक्षणाला पुन्हा बळी पडले. टाकीतले पाणी सप्टेंबरपासूनचे होते. साठवलेले पाणी मुलांना देण्यापूर्वी टाकी रिकामी करून, ब्लीचिंग पावडरने धुऊन, पुन्हा भरणे आवश्यक असते. हे कोणत्याही पुस्तकात सापडेल आणि त्यात चूक काहीच नाही. त्यांनी गजेंद्रला बोलावून टाकीखालचा कॉक उघडला. एक हजार लिटर पाणी शोषखड्ड्यात गेले. शोषखड्डा उत्तम चालला. या संपूर्ण कामात अपेक्षेप्रमाणे चालणारी ती एकमेव गोष्ट होती. दोन दिवस टाकी धुतली, वाळवली. तिसऱ्या दिवशी बोअरची मोटार लावली, तेव्हा पाइपच्या तोंडातून आधी लालसर पाणी आले, मग हवा आली आणि मग काहीच आले नाही.

"बोअर गेला, काका," गजेंद्र म्हणाला. "या वर्षी लवकरच गेला."

उकंडराव रिकाम्या टाकीत वाकून पाहत होते.

मार्च गेला, एप्रिल अर्धा गेला. ग्रामपंचायतीचे नळ दहा दिवसांआड येऊ लागले. टँकरचे पाणी वस्त्यांना पुरत नव्हते. शाळेच्या पाणपोईला कोण देणार? मार्तंडराव देऊळगाव राजाला चार वेळा गेले. चौथ्या वेळी एक टँकरवाला तयार झाला. तीस एप्रिलला सकाळी आठ वाजता टँकर टाकळीत असेल, असे त्याने सांगितले. त्याच्याजवळच्या एका पोरीच्या फोटोकडे बोट दाखवून तो म्हणाला, "माही पोरगी शारदाबाईच्या वर्गात होती. निवेदिता. आता नर्स हाये. कराच तुम्ही कार्यक्रम."

बुधवार, तीस एप्रिलला सकाळी आठ वाजता टँकर आला नाही. नऊ वाजता आला नाही. मुले नव्या कपड्यांत आली. पालक आले, वच्छलाबाई नवे लुगडे नेसून आल्या आणि त्याच्या पदराने सतत नाक पुसत राहिल्या. सिस्टर लिऑनीने पेटी वाजवली. प्रार्थना झाली. सिस्टर बेनेडिक्टांनी एकेका मुलाला पुढे बोलावून प्रगतिपुस्तक आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात दिला. दोन्ही एकाच पाकिटात होते. मुलांना दाखला म्हणजे काहीतरी बक्षीस वाटत होते, त्यामुळे ती टाळ्या वाजवत होती.

मग सिस्टर म्हणाल्या, "आता वैराळकर काका शारदाबाईंविषयी दोन शब्द बोलतील."

मार्तंडराव माइकसमोर उभे राहिले. त्यांच्या खिशात टंकलिखित भाषण होते, गेल्या जुलैपासून सुधारून ठेवलेले. त्यांनी कागद उलगडला, "आदरणीय व्यासपीठ" म्हटले, आणि वीज गेली. वर्गांतले पंखे थांबले. माइक मुका झाला. मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, "बोला काका, आयकू येते." ते बोलणार, तेवढ्यात रस्त्यावरून मोठा भोंगा ऐकू आला. टँकर फाटकाशी उभा होता.

"इंजिनेर, पाइप धरा!" उकंडराव ओरडले आणि वयाच्या मानाने भलत्याच वेगाने धावले. गजेंद्रने शिडी लावली. टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला आणि अंगणातली सगळी मुले उठली. कोणी त्यांना बसा म्हटले नाही.

मार्तंडराव तोट्यांजवळ गेले. आठ महिन्यांच्या उन्हापावसाने दुहेरी गाठी दगडासारख्या झाल्या होत्या. त्यांची नखे त्यात शिरत नव्हती. त्यांनी दोन्ही हातांनी ओढले, दातांनी ओढले. वच्छलाबाईंनी खिचडीच्या खोलीतून विळी आणून दिली. सहा गाठी कापून झाल्या तेव्हा त्यांच्या अंगठ्यातून रक्त येत होते आणि ते त्यांना दिसत नव्हते.

मुलांनी तोट्या सोडल्या. ती एकमेकांना ढकलत होती, ओंजळीने पीत होती, दप्तरातल्या बाटल्यांतले पाणी ओतून देऊन त्या इथे भरत होती. शर्ट भिजले, पाकिटे भिजली, दाखल्यांवरची शाई थोडी पसरली. काजल पिऊन झाल्यावर तोंड पुसत म्हणाली, "आजोबा, पानी गरम हाये."

"हो, टँकर उन्हात होता," मार्तंडराव म्हणाले. "टाकीवर छप्पर करायला हवं. पुढच्या वर्षी..."

ते थांबले. काजल उत्तराची वाट पाहत उभी राहिली. मग तिला कोणी हाक मारली आणि ती गेली.

रस्त्यावर ऑटो लागू लागले. पालक मुलांना हात धरून नेऊ लागले. सिस्टर बेनेडिक्टा तोट्यांजवळ आल्या, त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, प्यायल्या आणि ओले हात तसेच चेहऱ्यावर फिरवले. "बाईंचं नाव छान कोरलंय," त्या म्हणाल्या. मार्तंडरावांनी मान हलवली. भाषणाचा कागद त्यांच्या हातात भिजून एकच गोळा झाला होता.

शेवटचा ऑटो निघाला तेव्हा वच्छलाबाईंनी वर्गांच्या खिडक्या लावायला घेतल्या. सामानाची गाडी रवाना करून सिस्टरांना फाटक बंद करायचे होते. गजेंद्रने मार्तंडरावांकडे पाहिले. त्यांनी हात वर केला, तेव्हा त्याने मुख्य कॉक फिरवला. तोट्या थोडा वेळ थेंब थेंब गळाल्या आणि थांबल्या. उकंडराव डोक्यावरची टोपी काढून उभे होते.

पाणपोई एकूण चाळीस मिनिटे चालली.